लायटरच्या खड्यातला धातू : सेरियम

मोहोळच्या बाजारात 'सेरियम द्या' असे म्हटले तर दुकानदार बुचकळ्यात पडेल. पण लायटरचा खडा, काचेचे पॉलिश, आर्गॉन वेल्डिंगची कांडी या रूपांनी हाच धातू आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंच्या हातून जातो. त्याची ओळख फायद्याची आहे.

सेरियम राखाडी-रुपेरी असून चाकूने कापता येईल इतका मऊ असतो. सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तो वितळतो. हवेत लवकर काळवंडतो आणि खरवडल्यास त्याचा कीस पेट घेतो. याच गुणावर ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ साली सेरियम व लोखंड मिसळून लायटरचा खडा बनवला. ठिणगी म्हणजे खड्याचा जळता कीसच होय.

'दुर्मिळ मृदा धातू' या वर्गात त्याची गणना होते. पण नावावर जाऊ नये. भूकवचात तो जवळपास तांब्याइतका आहे. कठीण आहे ते सोबतच्या धातूंपासून त्याला वेगळे करणे.

भारतात तो समुद्रकिनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत सापडतो. १९०९ साली शोम्बर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरच्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट आढळले. १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय मुंबईत असून केरळातील आलुवा येथील कारखाना १९५२ साली सुरू झाला.

मोनाझाइटमध्ये थोरियम हा किरणोत्सर्गी धातूही असतो. वेल्डर बंधूंचा संबंध येथे येतो. आर्गॉन वेल्डिंगच्या लाल टोकाच्या टंगस्टन कांडीत सुमारे दोन टक्के थोरियम ऑक्साइड असते. ग्राइंडरवर टोक काढताना उडणारी तिची धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात गेल्यास अपायकारक ठरते. राखाडी टोकाच्या कांडीत त्याऐवजी सेरियम ऑक्साइड असते. ते किरणोत्सर्गी नाही. पातळ स्टीलच्या पत्र्यावर, कमी करंटवर ही कांडी चांगली चालते.

तेव्हा कांडी घेताना भावाबरोबर टोकाचा रंगही पाहावा. लाल कांडीच वापरावी लागली तर घासताना तोंडाला मास्क लावावा, धूळ ओल्या फडक्याने पुसावी आणि त्या जागी जेवणाचा डबा उघडू नये. दुकानदारांनीही दोन्ही रंगांचा माल ठेवून गिऱ्हाइकाला फरक सांगावा.