घडी आणि फिरकी

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेत सममितीचे काही काम पडत नाही. तरीही हा लेख लिहीत आहे, त्याला कारण माझीच एक चूक. आमचे गाव आदिलाबाद जिल्ह्यात. धाकटी बहीण तेथे मराठी माध्यमातून सातवीत शिकते. दसऱ्याला घरी गेलो असता तिने विचारले, "दादा, समांतरभुज चौकोनाला सममितीचे अक्ष किती?" मी मान वर न करताच सांगून टाकले, "दोन. दोन्ही कर्ण."

दिवाळीला गेलो तेव्हा तिने चाचणीचा कागद माझ्यापुढे धरला. त्या उत्तरावर लाल फुली होती. "तू सांगितलंस म्हणून मी बाईंशी वाद घातला," एवढेच ती म्हणाली.

मग आम्ही दोघांनी कागदाचा समांतरभुज चौकोन कापला. कर्णावर घडी घातली, तर टोके एकमेकांवर बसेनात. दुसऱ्या कर्णावर घातली, आडवी घातली, उभी घातली, तेच. माझी भूल कोठे झाली, ते तेव्हा ध्यानात आले. कर्णाने या चौकोनाचे दोन एकरूप त्रिकोण होतात, हे मला शाळेपासून पाठ होते. एकरूप म्हणजे सममित, असे मी धरून चाललो. पण दोन भाग एकरूप असणे वेगळे आणि घडी घातल्यावर एक दुसऱ्यावर तंतोतंत बसणे वेगळे. (आमच्या ताळेबंदाचेही तसेच. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी असते, म्हणून मधोमध दुमडल्यास भांडवलावर भांडवल येत नाही.)

कर्ण जेथे छेदतात तेथे टाचणी टोचून मात्र कागद अर्धा फेरा, म्हणजे 180 अंश, फिरवला आणि तो आपल्याच जागी नेमका बसला. तेव्हा सममिती आहे. ती आरशाची नाही, फिरण्याची आहे. पहिलीला परावर्तन सममिती म्हणतात, दुसरीला घूर्णन सममिती. चौरसात दोन्ही असतात. आईच्या ठिपक्यांच्या रांगोळीतील कमळातही दोन्ही असतात. (तेलुगूत रांगोळीला मुग्गु म्हणतात, कन्नड विभागातील मित्रांना शब्द सांगायला नकोच, त्यांची रंगोली आमच्यापासून दूर नाही.)

दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन शेतात गेलो. आमच्याकडे कापसाच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ असते. तुरीचे पिवळे फूल पाहावे: वर एक मोठी पाकळी, बाजूंना दोन पंखांसारख्या, खाली नावेच्या आकाराचा भाग. उभी रेघ मारली की डावे-उजवे सारखे. फिरवून मात्र ते पूर्ण फेऱ्याशिवाय जुळत नाही.

कापसाच्या फुलाला पाच पाकळ्या. मी पुन्हा घाईने म्हणणार होतो, "पाच अक्ष." पण बहिणीने आरसा आणला होता. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली दबलेली असते. म्हणून फुलाला भिंगरीसारखा पीळ येतो. आरशात तो पीळ उलटा दिसला. म्हणजे काटेकोर पाहिल्यास या फुलाला अक्ष एकही नाही. पण 72 अंश फिरवा, ते जसेच्या तसे. एकाच बांधालगत दोन पिके, आणि एकाकडे जे आहे ते नेमके दुसऱ्याकडे नाही! आणखी शोधता एकाच झाडावर डाव्या पिळाचे फूल सापडले आणि उजव्या पिळाचेही. ती दोन्ही फुले एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे म्हणावीत अशी होती. निसर्गात मोजमाप अर्थातच भूमितीइतके चोख नसते; एखादी पाकळी किडीने कुरतडलेली असतेच.

परतताना गोंड बांधवांची दंडारी लागली. गुसाडींच्या डोक्यावर मोरपिसांचे भरगच्च मुकुट होते. पिसाऱ्यातील डोळ्याचे पीस मधल्या काडीच्या दोन्ही अंगांना जवळजवळ सारखे असते. पक्ष्याच्या पंखातील उडण्याचे पीस मात्र तसे नसते; वारा कापणारी पुढची बाजू अरुंद आणि मागची रुंद असते.

घरी येताच बहिणीने विचारले, "दादा, बोंडाला अक्ष किती?" या खेपेस मी आधी बोंड हातात घेतले. फूल पाच पाकळ्यांचे होते, पण या बोंडाला कप्पे चारच निघाले.