एका गव्हर्नरचा पराभव

आपल्याकडे राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात. अमेरिकेत मात्र गव्हर्नर जनता निवडते आणि जनताच त्याला घरी बसवते. याचे उदाहरण म्हणून मी आर्कान्सास राज्याची १९८० ची निवडणूक अभ्यासली.

बिल क्लिंटन १९७८ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी निवडून आले. मुदत तेव्हा दोनच वर्षांची होती. रस्ते सुधारण्यासाठी त्यांनी वाहनांचे नोंदणीशुल्क वाढविले. विधिमंडळात हे शुल्क किमतीऐवजी वजनावर ठरले आणि जुनी, अवजड गाडी वापरणाऱ्या गरिबाला भुर्दंड पडला. त्यातच केंद्र सरकारने फोर्ट चॅफी येथे ठेवलेल्या क्यूबन निर्वासितांनी जून १९८० मध्ये दंगल केली. रिपब्लिकन उमेदवार फ्रँक व्हाइट यांनी या दोन्ही गोष्टींवर प्रचार केला व ते विजयी झाले.

पराभव दंगलीमुळेच झाला, असे मी वर्गात ठासून सांगितले होते. शुल्काचा हा तपशील वाचल्यावर माझे मत बदलले. दंगल लोक कदाचित विसरले असते. खिशाला बसलेली चाट कशी विसरणार?

१९८२ मध्ये क्लिंटन यांनी दूरचित्रवाणीवरून चूक कबूल केली आणि मतदारांनी त्यांना पुन्हा निवडले. हेतू चांगला असला तरी बोजा कोणावर पडतो, हे राज्यकर्त्याने आधी पाहावे, एवढाच बोध मी यातून घेतला.