पिवळा धोत्रा

पाऊस सरून रब्बीच्या पेरण्या आटोपल्या, कीं बांध, पडीक शेतें, उकिरडे व रस्त्यांच्या कडा यांवर कांटेरी पानांचें आणि पिवळ्याधमक फुलांचें एक झुडूप उगवलेलें दिसतें. तेंच पिवळा धोत्रा. पानांवरील पांढुरक्या शिरांवरून तें दुरूनही ओळखतां येतें. कांट्यांमुळें जनावरें त्यास तोंड लावीत नाहींत, म्हणून तें निर्वेधपणें माजतें. नांव धोत्रा असलें तरी धोत्र्याशीं त्याचें नातें नाहीं. तें अफूच्या कुळांतील आहे. बोंडें कांटेरी असल्यामुळें लोकांनीं हें नांव दिलें असावें.

त्याचें मूळ स्थान मेक्सिकोकडील प्रदेश होय. आयुर्वेदांतील स्वर्णक्षीरी ती हीच, असें पुष्कळदां सांगण्यांत येतें; पण जें झाड अमेरिकेचा शोध लागल्यानंतर या देशांत आलें, त्याचा उल्लेख प्राचीन ग्रंथकार कसा करतील?

पान वा खोड कोठेंही मोडलें तरी पिवळा चीक निघतो. खेड्यापाड्यांतून हा चीक खरूज, नायटा व चिघळलेल्या जखमा यांवर लावितात; मुळी उगाळून त्वचारोगांवर देतात; बियांचें तेल रेचक म्हणून पोटांत घेण्याची व अंगास चोळण्याची चाल होती. या अनुभवास कांहींच आधार नाहीं असें म्हणवत नाहीं. या झाडांत बर्बेरीन हें द्रव्य असतें. तेंच दारुहळदींतही सांपडतें, व तें जंतुनाशक आहे. मात्र चीक डोळ्यांत घालण्याची जी रीत कांहीं ठिकाणीं आहे ती सर्वस्वी टाकून द्यावी.

खरें भय बियांचें आहे. त्यांच्या तेलांत सँग्विनरीन नांवाचें विष असतें. तें पोटांत गेल्यास उलट्या व जुलाब होतात, पाय सुजतात, दम लागतो, डोळ्यांतील दाब वाढून दृष्टि जाऊं शकते आणि हृदय थकून मनुष्य दगावतो. कलकत्त्यास १८७७ सालीं या सुजेच्या रोगाची सांथ नोंदली गेली. तिचें मूळ मोहरीच्या भेसळ तेलांत आहे हें पुढें विसाव्या शतकांतील संशोधनानें ठरलें. इतकें कळूनही १९९८ सालीं दिल्लींत याच भेसळीनें सुमारें ६० माणसें मेलीं. असें तेल नुसतें अंगास चोळल्यानेंही सूज आल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. म्हणून हें औषध बाहेरून लावावयाचें, त्याला काय होतें, हा समज धरूं नये.

ही भेसळ नेहमीं व्यापारीच करतो असें नाहीं. ती शेतांतूनही येते. मोहरी व पिवळा धोत्रा हीं एकाच हंगामांत पिकतात, आणि दाणे रंगानें व आकारानें इतके सारखे, कीं मळणींत मिसळले तर चाळणीनें वेगळे होत नाहींत. ओळखण्याची सोपी रीत अशी: मोहरीचा दाणा गुळगुळीत, तर याचा खरबरीत, नखानें चिरडल्यास मोहरींतून पिवळा गर निघतो, यांतून पांढरा. घाण्यास मोहरी नेण्यापूर्वीं निरनिराळ्या पोत्यांतील मूठ मूठ दाणे असे तपासून पाहावे, व पांढऱ्या गराचे दाणे निघाल्यास तो माल खाण्याच्या तेलास वापरूं नये.

झाड फुलावर येतांच उपटावें. बोंड वाळलें कीं वरच्या टोकास उकलतें व बीं जमिनींत सांडतें. मग पुढील वर्षांचें तण पेरल्यासारखेंच झालें. बोंडें न धरलेलीं झाडें खताच्या खड्ड्यांत टाकण्यास हरकत नाहीं. उपटतांना हातास जाड फडकें गुंडाळावें, व चिकाचा हात डोळ्यांस लावूं नये.