बार्शी लाइट आणि कुर्डुवाडीचा मालधक्का

गेल्या वर्षी इतिहासाच्या सरांनी आम्हांला परिसरातील एखाद्या जुन्या वास्तूवर टिपण लिहून आणायला सांगितले. कोणी किल्ला निवडला, कोणी देऊळ. मी कुर्डुवाडीचे रेल्वे स्टेशन निवडले. माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते तेथील मालधक्क्यावर हमाल होते. ग्रंथालयातून सनावळ्या गोळा करून मी टिपण नेऊन दिले. सर म्हणाले, "तारखा बरोबर आहेत, पण यात माणूस एकही नाही." म्हणून हा दुसरा प्रयत्न.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा रुंद मार्ग पुण्याकडून येऊन 1860 मध्ये सोलापूरला पोहोचला. बार्शी ही कापसाची मोठी पेठ, परंतु ती बाजूलाच राहिली. तिच्यासाठी जे स्टेशन झाले त्याचे नाव 'बार्शी रोड'. तेच आजचे कुर्डुवाडी. नावात बार्शी असली तरी बार्शी गाव तेथून सुमारे 21 मैल दूर! ही वाट बैलगाड्यांनी तोडावी लागे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता 1882 मध्ये जी. आय. पी. रेल्वेत नोकरीला आला. या बैलगाडीच्या वाटेवर छोटी रेल्वे घालावी असे त्याच्या मनाने घेतले. बरीच वर्षे खटपट करून 1895 मध्ये त्याने 'बार्शी लाइट रेल्वे' ही कंपनी उभी केली आणि 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाउन गाडी सुरू झाली. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. मोठ्या मार्गाचे ते साडेपाच फूट.

छोटी गाडी म्हणजे खेळणे, असा समज असतो. माझाही होता. कॅलथ्रॉपचा हिशेब समजल्यावर तो गेला. रूळ किती मजबूत हवा, हे त्यावरून जाणाऱ्या सर्वांत जड चाकावर ठरते. बहुधा ते चाक इंजिनाचे असते. म्हणजे इंजिनासाठी जाड रूळ घालायचा आणि डब्यांनी त्याची निम्मी ताकदही वापरायची नाही, हा तोट्याचा व्यवहार झाला. कॅलथ्रॉपने इंजिन असो की मालवाघीण, कोणत्याच आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही, असे ठरविले. लीड्सच्या किटसन कारखान्यातून आलेल्या इंजिनांचे वजन त्यासाठी पुष्कळ चाकांवर वाटलेले होते. त्यामुळे यार्डाला 30 पौंड वजनाच्या हलक्या रुळावरून भरपूर माल नेता येऊ लागला.

हे मी आबांना समजावून सांगू लागले, तर ते म्हणाले, "त्यात काय नवं? लोखंडाची जड पेटी आली की आमी सारख्या उंचीचे चार गडी लावायचो. एक गडी ठेंगणा आसला, की समदं वझं त्याच्या उरावर." अभियांत्रिकीच्या पुस्तकापेक्षा मला हे लवकर समजले, हे येथे कबूल करते.

पण या हिशेबात एक गोष्ट उरत होती. छोटी वाघीण मोठ्या रुळावर चालत नाही. बार्शीहून आलेले प्रत्येक पोते कुर्डुवाडीला उतरायचे, धक्क्यावरून न्यायचे आणि मोठ्या वाघिणीत चढवायचे. मुंबईहून येणाऱ्या मालाचे त्याच्या उलट. आबांनी उमेदीची वर्षे यातच घालविली. पाठीवर पोते, हातात आकडा. उन्हाळ्यात वाघिणीचा पत्रा असा तापे, की आत शिरले की श्वास कोंडे. सिमेंटचे पोते सगळ्यांत वाईट, असे ते म्हणतात. घाम आणि सिमेंट एकत्र झाले की मानेची कातडी सोलून निघे. त्यांच्या मानेवर तो डाग अजून आहे. लहानपणी मला तो भाजल्याचा वाटे.

याच कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडमध्ये लीक आणि मॅनिफोल्ड या खोऱ्यातील छोटी रेल्वे उभारली. ती 1904 मध्ये सुरू झाली. तिचेही रूळ अडीच फुटांचेच. तेथे मात्र त्याने मोठी वाघीण भरलेल्या स्थितीत उचलून नेणारा खास छोटा गाडा वापरला. माल उतरवायची गरजच नाही! मग ही युक्ती कुर्डुवाडीला का नाही? साडेपाच फुटांची वाघीण अडीच फुटांच्या रुळावर पेलणे अवघड, हे एक कारण असेल. पण माझा तर्क असा आहे, की इकडे माणसाची पाठ स्वस्त होती. हा तर्क चुकीचा असल्यास अभ्यासूंनी जरूर खोडावा.

मार्ग पुढे वाढत गेला. 1906 मध्ये गाडी पंढरपूरला गेली आणि आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी भरू लागली. 1911 मध्ये लातूर, 1927 मध्ये मिरज. एकंदर लांबी 202 मैल झाली. त्याच 1927 साली कॅलथ्रॉप वारला. विमानातून उडी मारण्याच्या हवाई छत्रीचाही तो एक आद्य संशोधक होता, हे वाचून मला गंमत वाटली. 1954 मध्ये सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली.

आबांच्या डोळ्यांदेखत माल ट्रककडे वळला. पुढे रूळही रुंद होऊ लागले. आधी पंढरपूरचा मार्ग झाला, 2008 पर्यंत लातूरचा, त्यानंतर मिरजेचा. नवा लातूर मार्ग उस्मानाबादवरून, म्हणजे आताच्या धाराशिववरून नेला, ही मोठी सोय झाली. छोटी गाडी राहायला हवी होती असे मी म्हणणार नाही. आमच्या गावची मुले आज मोठ्या गाडीनेच कॉलेजला येतात.

जागतिक वारशाच्या यादीत दार्जिलिंगची छोटी गाडी 1999 मध्ये आली, मुंबईचे छत्रपती शिवाजी टर्मिनस 2004 मध्ये, सिमल्याची गाडी 2008 मध्ये. त्यांतल्या गाड्या थंड हवेच्या डोंगरातल्या, आणि ते स्टेशन राजवाड्यासारखे. कापूस आणि वारकरी वाहणारी गाडी त्या मानाने दिसायला साधीच. तिचा वारसा पाहायचा तर कळसाकडे नव्हे, धक्क्याच्या फरशीकडे पाहावे लागेल.

दिवाळीच्या सुट्टीत आबांना घेऊन मी स्टेशनवर गेले. मोठी वाघीण कुठे लागायची, छोटी कुठे, हे त्यांनी काठीने दाखविले. मग आम्ही बाकावर बसलो आणि त्यांच्या टोळीतल्या माणसांची नावे मी वहीत उतरवून घेतली. टोळीत अकरा जण होते. आठ नावे झाली. उरलेली तीन आबांना आठवेनात, म्हणून तेवढ्या ओळी मी कोऱ्या सोडल्या आहेत.