पायाखालची पृथ्वी शिकवताना

शाळेत ‘पृथ्वीचे अंतरंग’ हा पाठ मी अठ्ठावीस वर्षं शिकवला. नव्या शिक्षकांसाठी त्यातले हे चार अनुभव.

१. आधी फळ्यावर एक मीटरची रेघ ओढा.
ही रेघ म्हणजे जमिनीपासून पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचे सुमारे ६,३७१ किलोमीटर. रशियात कोला इथं माणसानं पाडलेलं छिद्र १२,२६२ मीटर खोल गेलं. रेघेवर ते दोन मिलिमीटरही भरत नाही. खंडांखालचं भूकवचसुद्धा सरासरी पाच-सहा मिलिमीटर. मग मुलं आपणहून विचारतात, “बाई, खालचं कळलं कसं?” हा प्रश्न आल्याशिवाय मी पुढे जात नसे.

२. थरांच्या नावांआधी भूकंपलहरी शिकवा.
नारळात पाणी आहे का, हे आपण तो न फोडता कानाशी हलवून ओळखतो. पृथ्वीही अशीच ऐकून कळली. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत; त्या सुमारे २,९०० किलोमीटरवर अडतात, म्हणून बाह्य गाभा द्रव. आसामचा १८९७चा भूकंप अभ्यासलेल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये गाभ्याचा पुरावा मांडला. क्रोएशियातल्या १९०९च्या भूकंपावरून मोहोरोविचिच यांना कवचाचा तळ सापडला. डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी १९३६ मध्ये गाभ्याच्या आत आणखी एक गाभा असल्याचं दाखवलं. तो घन आहे.

३. प्रावरण म्हणजे लाव्हाचा समुद्र नव्हे.
सुरुवातीची काही वर्षं मीही तसंच सांगत होते. कवच आणि गाभा यांच्यामधलं हे प्रावरण घन खडकाचं आहे, तरी लाखो वर्षांत ते संथपणे वाहतं. डांबराचा गोळा हातोडीनं फुटतो आणि नुसता ठेवला तर हळूहळू पसरतो, तसं. ते काही ठिकाणीच वितळतं. अशाच वितळलेल्या रसातून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ घडला.

४. भूकंपाचं नाव जपून घ्या.
मी उत्साहानं लहरी समजावत असताना एक मुलगी म्हणाली, “बाई, आमचं घर किल्लारीला होतं.” वर्ग स्तब्ध झाला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ज्या हादऱ्यानं हजारो माणसं गेली, त्याच्याच लहरी जगभरच्या यंत्रांवर उमटल्या होत्या. त्या दिवसापासून हा पाठ मी भूकंपात गेलेल्यांचं स्मरण करून सुरू केला, आणि भक्कम घर कसं बांधावं हे सांगून संपवला. तुम्हीही तसंच करा.