गव्हर्नरांचा बंगला ते लोकभवन : मावळच्या शाळांसाठी एक अभ्यासपाठ

राष्ट्रप्रमुखाचे किंवा राज्यप्रमुखाचे निवासस्थान सामान्य नागरिकाला आतून पाहता येणे, ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. परंतु ती साधी नाही. हे दार उघडण्यामागे मोठा इतिहास आहे आणि त्याचा काही भाग मावळातूनच जातो. म्हणून शिक्षकांनी या पाठाची सुरुवात दिल्लीपासून न करता लोणावळा स्थानकापासून करावी.

बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्या वेळी सर बार्टल फ्रियर मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. हिवाळ्यात मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळ्यात पुणे असा गव्हर्नरांच्या मुक्कामाचा परिपाठ असे. आगगाडी घाट चढून वर आल्यामुळे मुंबई-पुणे प्रवास सुकर झाला. फ्रियर यांच्याच कारकीर्दीत पुण्यानजीक गणेशखिंड येथे गव्हर्नरांच्या भव्य निवासस्थानाची उभारणी सुरू झाली. ज्या कष्टकऱ्यांनी घाट फोडला, त्यांच्यासाठी मात्र ते दार नव्हते.

२२ जून १८९७ रोजी या वास्तूत व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ झाला. त्याच वर्षी पुणेकर प्लेगने आणि प्लेगनिवारणाच्या नावाखाली झालेल्या जाचक झडत्यांनी त्रस्त झाले होते. त्या रात्री समारंभाहून परतणाऱ्या रँड आणि आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. हे कृत्य चिंचवडच्या चाफेकर बंधूंचे होते. आत रोषणाई आणि बाहेर संताप, असे त्या काळच्या राजसत्तेचे चित्र होते. लोणावळ्याहून पुण्यास जाताना चिंचवड स्थानक लागले की हा प्रसंग विद्यार्थ्यांना अवश्य सांगावा.

१९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. मु. रा. जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू होत. ज्या इमारतीत निमंत्रितांनाच प्रवेश होता, तीच विद्यापीठाची मुख्य इमारत बनली. आज सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाच्या आवारात मावळातील शेतकऱ्यांची मुले-मुली ताठ मानेने वावरतात.

दिल्लीतही असेच परिवर्तन घडले. व्हाइसरॉयसाठी बांधलेल्या ३४० खोल्यांच्या प्रासादात १९४८ साली चक्रवर्ती राजगोपालाचारी हे पहिले भारतीय गव्हर्नर जनरल राहावयास आले, तेव्हा त्यांनी स्वतःसाठी लहान दालने पसंत केली. अन्नटंचाईच्या त्या काळात आवारात गहूही पेरविला. १९५० साली डॉ. राजेंद्र प्रसाद राष्ट्रपती झाले. पुढे तेथील उद्यान दरवर्षी वसंत ऋतूत जनतेसाठी खुले होऊ लागले. २०२३ पासून ते ‘अमृत उद्यान’ या नावाने ओळखले जाते. महाराष्ट्राच्या श्रीमती प्रतिभाताई पाटील २००७ ते २०१२ या काळात याच भवनात राष्ट्रपती म्हणून वास्तव्यास होत्या.

मुंबईचे राजभवन मलबार हिलच्या टोकावर, तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेले आहे. तेथे २०१६ साली एक जुने भुयार आढळले. त्यात क्रांतिकारकांच्या जीवनावरील दालन उभारून २०२२ साली त्याचे उद्घाटन झाले. ज्यांना परकीय सत्तेने शत्रू मानले, त्यांची स्मृती त्याच सत्तेच्या जुन्या वास्तूत जपली गेली. २०२५ च्या अखेरीस ‘राजभवन’ हे नाव जाऊन ‘लोकभवन’ हे नाव आले.

तथापि, नुसते नाव बदलल्याने पाठ पूर्ण होत नाही. पाहावयाचे ते झुंबर की पद, हे विद्यार्थ्यांना आधी समजावून द्यावे. राज्यपालांची नियुक्ती राष्ट्रपती करतात; राष्ट्रपतींना संसदेचे आणि विधानसभांचे निर्वाचित सदस्य निवडतात; आणि त्या सदस्यांपैकी खासदार-आमदारांना मावळच्या मतदारानेही मत दिलेले असते. पंचायत सदस्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पंचायतींच्या आर्थिक स्थितीचा विचार करणारा राज्य वित्त आयोग दर पाच वर्षांनी राज्यपालांनी नेमावा आणि पंचायतींच्या निवडणुका घेणाऱ्या राज्य निवडणूक आयुक्तांची नेमणूकही त्यांनीच करावी, अशी तरतूद ७३ व्या घटनादुरुस्तीने केली आहे. म्हणजे त्या भवनाचा आणि आपल्या ग्रामपंचायत कार्यालयाचा संबंध थेट आहे.

अशी सहल योजताना भेटीचे दिवस, वेळ, नोंदणी व ओळखपत्राचे नियम अगोदर पत्राने अथवा अधिकृत संकेतस्थळावरून समजून घ्यावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने एक प्रश्न लिहून न्यावा आणि परतल्यावर त्याचे उत्तर वर्गात वाचावे.

सर्वात महत्त्वाची भेट मात्र सहलीनंतरची आहे. शिक्षकांनी त्याच मुलांना आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत न्यावे. सरपंचांनी त्यांना बसावयास जागा द्यावी, अंदाजपत्रक दाखवावे, ग्रामसभेची नोंदवही उघडावी. दूरच्या भवनाचे दार ठरावीक दिवशीच उघडते. गावच्या कार्यालयाचे दार मनाने बारमाही उघडे राहिले, तरच मुलांना ‘लोकभवन’ या शब्दाचा अर्थ पुस्तकाबाहेर सापडेल.