पाच टक्क्यांचे घर

चि. भाचीस,


तुझ्या वर्गात आता शेकडेवारीचे दशांशात रूपांतर सुरू होईल. ४५ टक्के म्हणजे ०.४५, हे मुले झटकन लिहितात आणि शिक्षकाला वाटते, समजले. खरी परीक्षा ५ टक्क्यांपाशी असते. तिथे बरीच मुले ०.५ लिहितात. १२५ टक्क्यांचे ०.१२५ करणारीही तीच.

याचे कारण नियमात आहे. ‘दशांश चिन्ह दोन घरे डावीकडे न्या’ हे मुलांना पाठ असते, पण दोन अंकी उदाहरणे सोडवता सोडवता त्यांच्या मनात त्याचे ‘आकड्यापुढे टिंब द्या’ असे होऊन बसते. म्हणून चिन्ह हलवायला शिकवूच नकोस. फळ्यावर शतक, दशक, एकक, दशांश, शतांश, सहस्रांश अशी घरे आख. चिन्ह एकक आणि दशांशाच्या मध्ये पक्के. शंभराने भागले की हलतात ते अंक, प्रत्येक अंक दोन घरे उजवीकडे. एककातला ५ शतांशात जातो. मधले दशांशाचे घर रिकामे पडते, तिथे शून्य लिहावेच लागते.

पूर्वी इथे रुपये-पैसे हाताशी असत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि शतांश घराघरांत पोचला. पण २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैशांचे नाणेही चलनातून गेले. आजच्या मुलांनी पैसा हाताळलेलाच नाही. शिवाय पैशांचा हिशेब शतांशापाशी थांबतो, १२.५ टक्के त्यात मावत नाहीत.

त्यापेक्षा मीटरची टेप वर्गात ने. मीटरचे ५ टक्के म्हणजे ५ सेंटीमीटर, ०.०५ मीटर. १२.५ टक्के म्हणजे १२ सेंटीमीटर ५ मिलिमीटर, ०.१२५ मीटर. अर्धा टक्का फक्त ५ मिलिमीटर, म्हणजे ०.००५. मुलांनी बोट ठेवून मोजले की ०.५ ही अर्धी टेप आहे, हे त्यांना दिसते. मग ५ टक्क्यांना ०.५ लिहिणारे मूल स्वतःच थबकते.

सर्वांत जास्त वेळ दे तो ०.२५ टक्क्यासारख्या उदाहरणांना. इथे टिंब आधीच असल्याने काम झाले, असे मुलांना वाटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला, म्हणजे पाव टक्का कपात. दशांशात ती ०.००२५. दहा लाखांच्या कर्जावर व्याजदर तेवढाच उतरला, तर वर्षाला साधारण २,५०० रुपये वाचतील. ०.२५ धरले तर अडीच लाख! असे उत्तर आले की मुलांनाच विचार, कोणती बँक एवढे सोडेल?

पहिल्याच दिवशी ५०, ५ आणि ०.५ टक्के एकाखाली एक लिहून दे. त्यानंतर ७०, ७ आणि १०७. उत्तर तपासण्याआधी प्रत्येक मुलाला टेपवर जागा दाखवायला सांग. १०७ साठी एक टेप पुरणार नाही, दुसरी जोडावी लागेल.

तुझी,
मावशी